कुलूप लावलेल्या घराचाही फॉर्म भरा



मागच्या महिन्याच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि तो तसाच राहिला. रात्र झाली होती, लांबच्या पाड्यांची माणसं उठली, म्हणून विषय पुढं ढकलला. प्रश्न असा होता. आपली बारावी झालेली पोरं-पोरी सर्व्हेच्या कामाला जायला लागली आहेत. ज्यांना बाहेरच्या देशातून पैसा येतो अशा संस्था, दिल्ली-मुंबईच्या अभ्यास करणाऱ्या कंपन्या, यांच्यासाठी ती घराघरात जाऊन फॉर्म भरतात. हे काम आपल्या पोरांनी करावं की नाही?

एक दादा म्हणाले, "ही पोरं गावाची माहिती विकतात." लगेच एक काकी म्हणाली, "मग काय, पोरांनी ऊसच तोडत राहायचं का?" दोघांचं ऐकून मी मान खाली घातली. कारण ते काम मी केलेलं आहे. बैठकीत मी बोलले नाही. आता पत्रकात लिहिते, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवता येईल.

माझं मत आधीच सांगते. आपल्या पोरांनी या कामात जावं. पण फक्त फॉर्म भरायला जाऊ नये. प्रश्न कोण ठरवतो, कधी विचारतो, कोणाला विचारतो, उत्तराचं काय करतो, हे शिकायला जावं आणि तिथपर्यंत पोचावं. आणि गावानं त्यांना अटी घालून पाठवावं. असं का, ते सांगते. त्यासाठी आधी माझी चूक सांगावी लागेल.

माझ्याकडून काय झालं

बारावीनंतर दोन वर्षं मी संघटनेबरोबर वनहक्काचे दावे भरण्याचं काम केलं. जीपीएस यंत्र घेऊन आपण सगळे प्लॉटच्या कडेकडेनं चाललो, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहिले, ते तुम्हाला माहीत आहे. त्या कामामुळं मला नकाशा वाचता येत होता, फॉर्म भरता येत होता आणि आपली बोली येत होती. एका सर्व्हेवाल्या संस्थेला अशीच मुलगी पाहिजे होती, कारण बाया परक्या पुरुषाशी बोलत नाहीत. रोज ३५० रुपये, जेवण आणि भाडं वेगळं. घरात त्या वर्षी पैशाची फार ओढ होती. मी गेले.

पाच दिवस ट्रेनिंग झालं. प्रश्न जसा छापला आहे तसाच विचारायचा, आपल्या मनानं बदलायचा नाही. माणूस गप्प राहिला तर उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही. घराची निवड आपण करायची नाही, यादीत जे घर आहे तिथंच जायचं. हे सगळं चांगलं शिकवलं. आजही मला ते उपयोगी पडतं.

अभ्यास एका योजनेचा होता. त्या योजनेत गावाला बियाणं दिलं होतं, शेळ्या दिल्या होती, बांधबंदिस्तीची कामं काढली होती. हेतू असा की माणसं ऊसतोडीला गुजरातेत जाऊ नयेत. योजना झाल्यावर विचारायचं होतं की स्थलांतर कमी झालं का.

आता तुम्हीच बघा. सर्व्हे लावला पौष-माघात. आपली माणसं जातात दिवाळी झाली की आणि येतात होळीला. म्हणजे जे गेले ते घरी नसतानाच विचारायला गेलो की कोण गेलं. एका पाड्यात यादीतली २० घरं होती. ९ घरांना कुलूप किंवा दाराला काटेरी फांदी. सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, नियम असा आहे की घर बंद असेल तर शेजारचं उघडं घर घ्यायचं. मी नियम पाळला. शेजारची ९ घरं घेतली आणि २० फॉर्म पुरे केले.

त्या २० फॉर्मांत ४ घरांनी सांगितलं की आमच्यातलं कोणीतरी कामाला बाहेर गेलं आहे. म्हणून कागदावर आलं, २० पैकी ४. खरं काय होतं? यादीतली ९ घरं तर कुलूप लावून गेलेलीच होती. उघड्या ११ पैकी २ घरांतली माणसं गेली होती. म्हणजे २० पैकी ११. मी ११ चे ४ करून दिले. आणि त्यात मी कुठंच खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येक फॉर्म खरा होता.

त्या बंद घरांत एक माझ्या काकाचं घर होतं. काका-काकी आणि तीन पोरं बारडोलीकडच्या पड्यावर पालात राहत होती. मी त्यांच्या दारावरून पुढं गेले आणि शेजारच्या घरात बसून विचारलं, "तुमच्याकडचं कोणी बाहेर गेलं आहे का?"

नंतर वर्षभरानं रिपोर्ट आला. इंग्रजीत होता. हायस्कूलच्या एका सरांकडून मी तो समजून घेतला. त्यात लिहिलं होतं की या भागात स्थलांतर बरंच कमी दिसतं, योजना लागू पडली आहे. त्यानंतर आमच्या गटातली कामं बंद झाली. कामं फक्त त्या रिपोर्टमुळं बंद झाली असं मी म्हणत नाही, ते मला सांगता येणार नाही. पण रिपोर्ट खोटा होता आणि त्यातले २० फॉर्म माझ्या हातचे होते. याची माफी मी सगळ्यांच्या समोर मागते.

मूल्यमापन म्हणजे काय

आता कोणी म्हणेल, बघा, दादाच बरोबर बोलले, हे कामच वाईट आहे. तसं नाही. मोजणं वाईट नाही. अर्धवट मोजणं वाईट आहे. हे समजायला हे काम काय असतं ते बघू.

सरकार असो, संस्था असो की जागतिक बँक, कोणीतरी पैसा खर्च करतं. मग विचारतं की त्या पैशानं काही बदललं का. याला मूल्यमापन म्हणतात. अवघड गोष्ट ही आहे की बदल झाला तर तो योजनेनं झाला की आपोआप झाला. यंदा ज्वारी चांगली आली तर नवीन बियाण्यानं आली की पाऊस चांगला झाला म्हणून आली? आपला माणूस काय करतो? त्याच शेतात दोन पट्टे करतो. एकात नवीन बी, एकात घरचं बी. पाऊस दोघांना सारखा, माती सारखी. मग जो फरक दिसतो तो बियाण्याचा. मोठे संशोधक हेच करतात, फक्त पट्ट्यांच्या जागी गावं असतात. आणि कोणत्या गावाला योजना द्यायची हे ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे कोणाला आपल्या सोयीची गावं निवडता येत नाहीत.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात असंच झालं. तिथं पण आपले भिल भाऊबंद राहतात. लहान मुलांना पूर्ण लसी मिळत नव्हत्या. काही लोक म्हणत होते की आदिवासी अडाणी आहेत, सुईला घाबरतात. सेवा मंदिर या संस्थेनं आणि बाहेरच्या संशोधकांनी १३४ गावं घेतली. ३० गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी लसीचं शिबिर ठेवलं. दुसऱ्या ३० गावांत शिबिर ठेवलं आणि प्रत्येक लसीला एक किलो डाळ दिली, सगळ्या लसी झाल्या की जेवणाच्या थाळ्या दिल्या. बाकी गावांत नेहमीसारखंच. शेवटी मोजलं. नेहमीच्या गावांत १०० पैकी ६ मुलांच्या लसी पूर्ण झाल्या होत्या. शिबिराच्या गावांत १८. शिबिर आणि डाळ दोन्ही होतं तिथं ३९. हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला.

याचा अर्थ काय? नर्सबाई ठरल्या दिवशी खरंच आली, एवढ्यानंच लसी तिप्पट झाल्या. म्हणजे दोष फक्त आईचा नव्हता. मजुरी बुडवून लेकरू काखेत घेऊन डोंगर उतरायचा आणि उपकेंद्राला कुलूप असायचं, हा दोष होता. आपण हे रोज बोलतो. पण आपण बोललो तर ती तक्रार असते, आणि आकड्यात मांडलं तर साहेबाला खुर्चीतून उठावं लागतं.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांचे मृत्यू मोजले. ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायचा, न्यूमोनिया ओळखायचा. दुसऱ्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा होती. तिसऱ्या वर्षापर्यंत ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत हे छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या दीड महिन्यात ठरल्या दिवशी येते. २०११ पासून देशभर सुरू झालेल्या त्या कामाच्या मागं हे मोजमाप आहे. थोडी शिकलेली बाई हे करू शकते, यावर आधी मोठ्या डॉक्टरांचा विश्वास नव्हता.

पण यात एक प्रश्न आहे आणि तो आपण विचारलाच पाहिजे. ज्या गावांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत त्यांचं काय? त्यांना डाळ नाही मिळाली. शेताच्या पट्ट्याला भूक लागत नाही, माणसाला लागते. जिथं सगळ्यांना पुरेल एवढं देणं शक्य आहे तिथं चिठ्ठी टाकून अर्ध्यांना वगळणं मला मान्य नाही. जो हक्क कायद्यानं दिलेला आहे त्याच्यावर तर चिठ्ठी टाकताच येणार नाही. रेशन, वनहक्क, रोजगार हमी या गोष्टी प्रयोगाच्या नाहीत. पण जिथं काय लागू पडेल हेच कोणाला माहीत नाही, किंवा जिथं एका वर्षात सगळ्या गावांना पोचताच येत नाही, तिथं आधी थोड्या गावांत करून बघणं आणि नंतर राहिलेल्यांना देणं, हे मला चालतं. अट एकच. गावाला आधी विचारलेलं असावं आणि नंतर दिलेलं असावं.

नर्मदेवर काय झालं

जे म्हणतात की बाहेरून आलेला अभ्यास कायम आपल्या विरोधातच जातो, त्यांना मी आपल्याच सातपुड्यातली गोष्ट आठवून देते. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. महाराष्ट्रात अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं बुडणार होती, मणिबेली सगळ्यात पहिलं. लोक लढले, मारही खाल्ला. लोकांच्या लढ्यामुळं बँकेला १९९१ मध्ये स्वतःच्याच प्रकल्पाचा स्वतंत्र आढावा लावावा लागला. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष होते, आणि त्यांच्याबरोबर कॅनडाचे एक माजी न्यायाधीश थॉमस बर्जर होते.

हे बर्जर कोण, ते माहीत असावं. १९७० च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेला मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून गॅसची मोठी पाइपलाइन न्यायची होती. त्या चौकशीला बर्जर ३५ वस्त्यांमध्ये स्वतः गेले. तिथल्या आदिवासींचं त्यांच्याच भाषेत म्हणणं ऐकलं आणि लिहून घेतलं. मग १९७७ मध्ये सांगितलं की दहा वर्षं पाइपलाइन नको, आधी तिथल्या लोकांच्या जमिनीचे हक्क मिटवा.

मोर्स समितीनं नर्मदेवरही गावोगाव फिरून ऐकलं. जून १९९२ मध्ये त्यांनी रिपोर्ट दिला. बुडणारी माणसं किती आणि कोण, हे नीट मोजलेलंच नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं. जंगलजमीन कसणाऱ्यांना अतिक्रमणदार ठरवून जमीनधारकांच्या हिशोबातून बाहेर ठेवलं, हा मोठा दोष त्यांनी दाखवला. बँकेनं या प्रकल्पातून मागं हटावं असं म्हटलं. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज बंद झालं. धरण थांबलं नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण जागतिक बँकेला तिनंच नेमलेल्या माणसांनी सांगितलं की तुम्ही चुकलात. पुढं त्याच वर्षी बँकेला कायमचं तपासणी मंडळ काढावं लागलं. आता कुठल्याही देशातल्या लोकांना बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध तिथं तक्रार करता येते.

यातून मी दोन गोष्टी शिकले. एक, लोक लढले नसते तर आढावा लागलाच नसता. दोन, नुसते लढले असते आणि कोणी नीट मोजून लिहिलं नसतं, तर बँकेनं ऐकलं नसतं. दोन्ही लागतं. आणि बंद घर आणि अतिक्रमणदार, दोघांची गोष्ट एकच आहे. ज्याला मोजणाऱ्यानं यादीतून काढलं, त्याचं दुःख कागदावर नसतं.

"पोरं विकली जातील"

ही भीती खोटी नाही. पगार चालू झाला की तोंड बंद होतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. बंद घरांचं मला त्याच दिवशी खटकलं होतं. पण दिवसाला ठरलेले फॉर्म झाले नाहीत तर भत्ता कापतील, म्हणून मी जास्त बोलले नाही.

पण दुसरी बाजू बघा. आपण नाही गेलो तर सर्व्हे थांबणार आहे का? शहरातला पोरगा येईल. त्याला दाराच्या काटेरी फांदीचा अर्थ कळणार नाही. "मोहाचे किती पैसे येतात" असं विचारेल, आणि घरात खाल्लेल्या मोहाची किंमत शून्य लिहून जाईल. जमीन किती विचारल्यावर आपला माणूस घाबरून "नाही" म्हणेल, आणि तो "भूमिहीन" लिहील. आपला पोरगा तिथं असेल तर निदान त्याला कळेल की काय चुकतंय. मग बोलायचं की नाही, हा धाडसाचा प्रश्न आहे. आणि मागं गाव उभं असेल तरच धाडस येतं.

आणखी एक गोष्ट लोक बोलतात. "इतके सर्व्हे झाले, आम्हाला काय मिळालं?" हे अगदी खरं आहे. आमच्या घरीच याहा म्हणते, "एवढे कागद नेले, त्याची चूल पेटवली असती तर भाकर तरी झाली असती." अर्धा दिवस बाई फॉर्मवाल्यापुढं बसते, तिची मजुरी जाते, उत्तर परत येत नाही. यावर उपाय आहे. तो राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून करून दाखवला. त्यांनी सरकारी कामांची हजेरीपत्रकं मिळवली आणि गावाच्या समोर मोठ्यानं वाचली. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघालेली, न बांधलेल्या भिंतीचं बिल निघालेलं, हे गावानंच पकडलं. माहितीच्या अधिकाराची लढाई तिथून मोठी झाली आणि २००५ मध्ये कायदा आला. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेनं सामाजिक अंकेक्षण करायचं लिहिलं आहे, तेही मूल्यमापनच आहे. त्यासाठी परदेशी पदवी लागत नाही.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात ग्रामसभेच्या बरोबरीनं अभ्यासगट चालतो. गावाची माणसं बसून चर्चा करतात, बाहेरचे जाणकार बोलावतात, जंगलात काय किती आहे ते स्वतः मोजतात. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं ते देशातलं अगदी सुरुवातीचं गाव. तिथं अभ्यास आधी झाला आणि मागणी त्यातून निघाली.

कोणाला जायचं असेल तर

पोरांनो आणि पोरींनो, आता तुमच्याशी बोलते. या कामात पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली फॉर्म भरणारा. त्यावर सुपरवायझर, मग फील्ड मॅनेजर, मग संशोधन सहायक, आणि सगळ्यात वर प्रश्न ठरवणारे. बारावीवर पहिली पायरी मिळते, नशीब असेल तर दुसरी. काम संपलं की घरी बसवतात. म्हणून पहिल्या पायरीवर दोन वर्षांपेक्षा जास्त राहू नका.

शिक्षण पुढं चालू ठेवा. घर सोडता येत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करता येतं. अर्थशास्त्र घ्या, आणि संख्याशास्त्राला घाबरू नका. सरासरी, टक्केवारी, नमुना कसा निवडतात, एवढं पक्कं झालं तरी अर्धं काम झालं. कॉम्प्युटरवर एक्सेल शिका. इंग्रजी वाचायला शिका, कारण आपल्यावर लिहिलेलं बहुतेक इंग्रजीत आहे. एमएसाठी मुंबईची आणि तुळजापूरची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्याची गोखले संस्था आहे. लोकसंख्येचं शिक्षण देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत मिळतं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच संस्था चालवते. अनुसूचित जमातीच्या जागा राखीव असतात, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते, आणि परदेशात एमए-पीएचडी करायला केंद्र सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला आणि जात पडताळणी आत्ताच करून ठेवा, ऐन वेळी त्यातच वर्ष जातं.

पहिल्याच दिवसापासून एक वही स्वतःची ठेवा. फॉर्ममध्ये जे बसत नाही ते त्यात लिहा. कुणाचं नाव लिहू नका, पण किती घरं बंद होती, कोणता प्रश्न लोकांना कळला नाही, कोणतं उत्तर नवरा शेजारी बसल्यामुळं बदललं, हे लिहा. माझ्या वहीत ९ बंद घरं होती, म्हणून आज मला खरा आकडा सांगता येतो. आणि वनहक्काचं काम ज्यांनी केलं त्यांनी स्वतःला कमी समजू नये. २०१२ च्या सुधारित नियमात लिहिलं आहे की उपग्रहाचा नकाशा बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरता येतो, त्यांच्या जागी नाही. म्हणजे म्हाताऱ्याचा जबाब आणि शेताचा बांध यांनाही मान आहे. पुरावा म्हणजे काय, हे आपण साहेबांच्या आधी शिकलो आहोत.

गावानं काय करावं

पुढच्या बैठकीत हा विषय परत घ्यावा आणि खालच्या गोष्टींवर ठराव करावा, असं मी सुचवते.

१. कोणताही सर्व्हे करायचा तर आधी ग्रामसभेला कळवावं. पैसा कोणाचा, प्रश्न काय, माहितीचं काय करणार, हे आपल्या बोलीत सांगावं. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही.

२. होळीच्या आधी ऊसतोडीच्या दिवसांत स्थलांतराचा, शाळेचा किंवा पोटाचा सर्व्हे नको. करायचाच असेल तर बंद घर बंद म्हणून लिहावं, ते कुठं गेलं हे शेजाऱ्याला विचारून लिहावं, आणि माणसं आल्यावर परत यावं. शेजारचं घर बदली म्हणून चालणार नाही.

३. बायांना बाईनंच विचारावं, एकटीला विचारावं.

४. जमिनीच्या प्रश्नात पट्टा मिळालेली, दावा टाकलेली आणि दावा फेटाळलेली जमीन वेगवेगळी लिहावी. "अतिक्रमण" हा शब्द फॉर्ममध्ये नको.

५. रिपोर्ट छापायच्या आधी गावात वाचून दाखवावा. गावाचं म्हणणं वेगळं असेल तर तेही त्यात छापावं. एक प्रत मराठीत गावाकडं राहील.

६. आपला जो पोरगा किंवा पोरगी या कामाला जाईल त्यानं ग्रामसभेला सांगून जावं. काम करताना चुकीचं दिसलं आणि त्यानं तोंड उघडलं, त्यामुळं काम गेलं, तर संघटना त्याच्या मागं उभी राहील. हे आपण आधी कबूल केलं पाहिजे. नाहीतर त्याला "विकला गेला" म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

शेवटचं माझ्याबद्दल. त्याच संस्थेचा मला परत निरोप आला आहे. योजनेचा दुसरा भाग येणार आहे, सर्व्हे परत माघात आहे, या वेळी सुपरवायझर करतो म्हणाले. मी कळवलं आहे की होळीनंतर घ्या आणि बंद घरांचा नियम बदला, तर येते. अजून उत्तर नाही. उत्तर आलं नाही तर मी जाणार नाही. पैशाची ओढ आहे, पण या वेळी काकाच्या दारावरून तशी पुढं जाणार नाही.

उत्तर येवो न येवो, होळीच्या आठवड्यात सगळी माणसं घरी असतात. तेव्हा आपणच आपल्या पाड्यांचा सर्व्हे करू. कोण कुठं गेलं, किती दिवस, उचल किती घेतली, हातात किती आलं, पोरांची शाळा किती बुडाली. प्रश्न आपण सगळे मिळून ठरवू. प्रत्येक पाड्यातून लिहिता येणारे दोघं जण लागतील, एक तरी मुलगी असावी. ज्यांना यायचं आहे त्यांनी पुढच्या बैठकीत नाव द्यावं. कोरी वही आणि पेन घेऊन यावं. पहिलं घर माझ्या काकाचं घेऊ.

जिंदाबाद!

— संघटनेची एक कार्यकर्ती